पोलादी प्लेट काय सांगते: रायफलच्या गोळीचा आवाज ऐकायचा कसा आणि प्लेट टांगायची कशी

पाचशे मीटरवरच्या प्लेटला गोळी लागली की नाही, हे दुर्बिणीतून नेहमी दिसतंच असं नाही. उन्हाच्या झळा नाचत असतात, प्लेटवरचा पांढरा रंग आधीच्या फटक्यांनी करडा झालेला असतो, आणि बार उडाल्यावर बंदुकीच्या धक्क्याने दुर्बीण जागेवरून हललेली असते. अशा वेळी कान कामाला येतो. मात्र कानाला नुसतं ‘वाजलं’ किंवा ‘नाही वाजलं’ एवढंच कळत असेल तर प्लेटचं अर्धं बोलणं वाया जातं. आवाज किती वेळाने आला, तो टिपेचा की खर्जातला, आणि मागे घुमारा राहिला की जागीच मेला, या तीन गोष्टी वेगवेगळ्या ऐकायची सवय लावली की गोळी कुठे गेली याचा बराचसा अंदाज येतो. या तिन्ही गोष्टी जितक्या गोळीवर, तितक्याच प्लेट कशी टांगली आहे यावर ठरतात.

लांब पल्ल्याचा हा पोलादी प्लेटांचा खेळ मुख्यतः अमेरिकेतला. तिथे राहणारे अनेक मराठी लोक सुटीच्या दिवशी रेंजवर जातात. पुढची माहिती तिथली पद्धत धरून लिहिली आहे. आपल्याकडे स्पर्धेची नेमबाजी कागदी आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांवर चालते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) या प्रकारात कांस्य मिळवलं तेही अशाच लक्ष्यांवर. गंमत म्हणजे अनेक इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांच्या चौकटीत मायक्रोफोन बसवलेले असतात आणि गोळीचा आवाज प्रत्येकाकडे किती फरकाने पोहोचला यावरून यंत्र तिची जागा काढतं. तिथे यंत्र ऐकतं, इथे आपल्याला ऐकायचं आहे.

आधी प्लेट वाजवून बघा

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर तडा गेलेला. प्लेटचंही तेच. दोरीने एका भोकातून लोंबकळत धरा आणि पाव किलोच्या हातोडीने कडेजवळ हलका ठोका मारा. चांगली प्लेट काही सेकंद घुमत राहते. बद्द वाजली तर तडा शोधा. तो बहुतेक वेळा भोकाच्या कडेपासून किंवा वेल्डिंगपासून सुरू झालेला असतो.

पोलाद एआर५०० प्रतीचं हवं, म्हणजे ब्रिनेल मापाने सुमारे ५०० कडकपणाचं. सेंटरफायर रायफलसाठी (म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर घोडा आदळतो ती, जास्त ताकदीची रायफल) जाडी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. जड काडतुसं जवळून मारायची असतील तर अर्धा इंच. .२२ लाँग रायफल या लहान, हलक्या काडतुसाला पाव इंच पुरतं. प्लेट कापताना लेझर, प्लाझ्मा किंवा वॉटरजेट वापरलेलं असावं. गॅस कटरने कापली तर कडेची रुंद पट्टी तापून मऊ पडते. अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर तापलं की या पोलादाचा कडकपणा उतरू लागतो. म्हणूनच प्लेटच्या तोंडावर कडी किंवा बिजागरी वेल्ड करायची नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. कडक पोलाद वरच्या सुरात वाजतं असं बरेच जण मानतात. सूर ठरतो आकार आणि जाडी यांवर. कडकपणाचा त्याच्याशी संबंध नाही. साधं लोखंड आणि एआर५०० यांची लवचीकता जवळजवळ सारखीच, त्यामुळे एकाच मापाच्या दोन प्लेटा हातोडीने ठोकल्या तर एकाच सुरात वाजतील. फरक पडतो गोळी लागल्यावर. साध्या लोखंडात गोळी खळगा पाडते किंवा आरपार जाते, आणि कानावर येतो एक आखूड ‘टक्’, पाठीमागे घुमारा जेमतेम. नव्या प्लेटवर असा आवाज आला तर बार थांबवा. रेंज मोकळी करून प्लेट जवळून तपासा. दुकानदाराने काहीही सांगितलं असलं तरी ते पोलाद एआर५०० नसण्याची शक्यता मोठी.

आता सुराचा हिशेब. गोल प्लेटचा सूर जाडीच्या प्रमाणात चढतो आणि व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. १२ इंची, ३/८ जाडीच्या प्लेटचा सर्वांत खालचा स्वर गणिताने ५३० ते ५४० हर्ट्झच्या आसपास येतो. पेटीवर पांढरी एक धरली तर तिचा तार षड्ज ५२३ चा, म्हणजे जवळजवळ तिथेच. तीच प्लेट अर्धा इंच जाडीची केली तर स्वर ७१० च्या पुढे जातो. १० इंचीचा ७७० च्या आसपास, ८ इंचीचा १२०० च्या, तर ६ इंचीचा थेट २१०० च्या वर. १८ इंची प्लेट मात्र २४० वर घुमते. भोकं, बाक आणि टांगणी यांमुळे हे आकडे थोडे हलतात, पण एकाच रांगेत वेगवेगळ्या मापांच्या प्लेटा लावल्या तर प्रत्येकीचा आवाज ओळखू येतो. शेजारच्या नेमबाजाने कोणती वाजवली आणि आपण कोणती, हा रोजचा घोळ त्यामुळे मिटतो. चौकोनी आणि माणसाच्या आकाराच्या प्लेटांना हे सूत्र लागू नाही. त्यांचा आवाज जास्त खरबरीत असतो, पण ‘मोठी तितकी खर्जात, जाड तितकी टिपेची’ हे तिथेही खरं.

वजनही धरून चला. १२ इंची गोल प्लेट ३/८ जाडीची असेल तर साधारण साडेपाच किलो, अर्ध्या इंचाची असेल तर सव्वासात किलोच्या वर. लांब पल्ल्यावर पातळ प्लेट जास्त मोठ्याने बोलते, कारण तेवढ्याच गोळीने हलवायला वस्तुमान कमी असतं. हजार यार्डांवर अर्ध्या इंचाची प्लेट टांगून ‘आवाजच येत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. तिथे गोळीचा वेग इतका उतरलेला असतो की ३/८ ची प्लेट सहज टिकते.

टांगणी

शाळेचा टोल आठवा. रेल्वेच्या रुळाचा तुकडा एका भोकातून तारेने लोंबत असतो. शिपाईकाका हातोडा मारतात आणि आवाज अख्ख्या गावात जातो. तोच तुकडा कुणी हातात घट्ट धरला तर नुसती ‘ठक’ उरते. वारकऱ्याचे टाळही दोरीला धरलेले असतात म्हणून वाजतात; मुठीत आवळले की मुके. प्लेट मुकी होण्याची दहापैकी आठ कारणं टांगणीत सापडतात, पोलादात नाही.

सर्वांत वाईट पद्धत म्हणजे प्लेट बोल्टने लाकडी किंवा लोखंडी खांबाला आवळणं. नट पूर्ण घट्ट केला की प्लेट आणि खांब एकच वस्तू होतात आणि थरथर खांबात, तिथून जमिनीत जिरते. बोल्टच वापरायचा तर प्लेट आणि नट यांच्यामध्ये जाड स्प्रिंग घाला, नायलॉनचं कडं असलेला नट घ्या म्हणजे तो आपोआप सैल होणार नाही, आणि प्लेट हाताने हलवून दोन-तीन मिलिमीटर मोकळीक आहे ना ते बघा. बोल्ट अर्ध्या इंचाचा, गोल गुळगुळीत डोक्याचा, आणि ते डोकं नेमबाजाकडे. षट्कोनी डोक्याच्या कडांवर गोळी लागली तर तुकडे कुठेही उडतात.

चांगली पद्धत दोन साखळ्यांची. पाव इंची कड्यांची साखळी, प्रत्येक बाजूला १५ ते ३० सेंटिमीटर. एकाच भोकावर टांगलेली प्लेट जास्त मोकळी वाजते खरी, पण कडेला गोळी लागली की भिंगरीसारखी फिरते आणि पुढची पाच मिनिटं तिची धार आपल्याकडे असते. दोन साखळ्या लावा आणि वरच्या हुकांमधलं अंतर प्लेटच्या भोकांमधल्या अंतरापेक्षा दहा-एक सेंटिमीटर जास्त ठेवा. साखळ्या वर फाकलेल्या राहिल्या की प्लेट पुन्हा समोर तोंड करून येते.

साखळीचा तोटा तिचाच आवाज. कड्या खळखळतात, आणि फटक्यानंतरची ही खळखळ नवशिक्याला दुसरा फटका वाटते. म्हणून बरेच लोक निकामी फायर होजच्या किंवा कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या वापरतात. रुंदी पाच-सहा सेंटिमीटर. पट्टी गोळी लागून फाटते, पण लोखंडी कडीसारखी उडून येत नाही, आणि बदलायला स्वस्त. तिच्याने वरचे स्वर जरा दबतात, आवाज गोल होतो. यात एक चूक हमखास होते: पट्टी प्लेटला आवळताना मोठा वायसर टाकून नट पूर्ण पिळला जातो. मग पट्टीचा रबर प्लेटला चिकटून बसतो आणि घुमारा खाऊन टाकतो. वायसर छोटा घ्या, नट पट्टी नुसती धरेल इतकाच पिळा. शंभर मीटरच्या आत खळखळ नको म्हणून पट्टी बरी. पाचशेच्या पुढे प्रत्येक डेसिबल मोलाचा असतो, तिथे साखळीच लावा.

प्लेटचं तोंड जमिनीकडे झुकलेलं हवं, पंधरा ते वीस अंश. गोळी प्लेटवर फुटते आणि तिचे शिशाचे, तांब्याचे तुकडे प्लेटच्या पृष्ठालगत चहूकडे पसरतात. झुकाव असला की वरच्या तुकड्यांचा रोख जमिनीकडे वळतो. झुकाव आणायला वेगळं काही लागत नाही, टांगणीचा बिंदू प्लेटच्या मागे सरकवायचा. १२ इंची प्लेटमध्ये भोक कडेपासून एक इंचावर असेल तर भोकापासून मध्यापर्यंत १२ ते १३ सेंटिमीटर. हुक प्लेटच्या मागे साडेचार सेंटिमीटर ठेवला की साधारण एकोणीस अंशांचा कल मिळतो. मोठ्या प्लेटला त्याच प्रमाणात हुक आणखी मागे. बोल्टवर पाइपचा तुकडा घालून हे अंतर राखता येतं, फक्त तो तुकडा सैल असावा, नाहीतर पुन्हा आवळल्यासारखंच.

शेवटची गोष्ट चौकटीची. सैल नट, लोंबणारी जादा साखळी, पोकळ नळीत अडकलेले खडे, सगळं फटक्यानंतर वाजतं. चौकट हाताने हलवून बघा. जे वाजेल ते आवळा किंवा तारेने बांधा. प्लेट सोडून बाकी सगळं मुकं असायला हवं. मागचा मातीचा बांध प्लेटपासून एक-दोन मीटर दूर ठेवा, म्हणजे झोका घेऊन प्लेट त्याला टेकणार नाही आणि चुकलेल्या गोळीची धूळही वेगळी दिसेल.

आवाज यायला किती वेळ लागतो

गोळी जायला लागणारा वेळ आणि आवाज परत यायला लागणारा वेळ, यांची बेरीज. आवाज वीस अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर जातो. शून्य अंशाला ३३१. दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो.

.३०८ विंचेस्टर काडतुसाची १७५ ग्रेनची (म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपासची) गोळी सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास सुटली, तर १०० मीटरवरच्या प्लेटचा आवाज ०.४ सेकंदात येतो. ३०० मीटरवरून सव्वा ते १.३ सेकंदात. ५०० मीटरला गोळीला ०.८ आणि आवाजाला जवळजवळ दीड, म्हणजे सव्वादोन सेकंद. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, एकूण साडेचार सेकंदांच्या आसपास. आपल्या काडतुसाचे आकडे बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरवरून (गोळीचा वेग आणि वेळ काढून देणाऱ्या ॲपवरून) काढून रायफलच्या दस्त्यावर चिकटवून ठेवा. साडेचार सेकंद बोलायला थोडे वाटतात, पण बार उडाल्यानंतर श्वास रोखून बसलेल्या माणसाला फार लांब वाटतात. पुष्कळ जण तीन सेकंदांनी ‘चुकली’ म्हणून पुढचं काडतूस भरायला रायफलचा बोल्ट ओढतात आणि त्या खडखडाटात आपलाच फटका ऐकायचा राहतो. बोल्ट ओढायचा असेल तर लगेच ओढा, नंतर स्तब्ध राहा.

वेळ मोजण्याचा खरा उपयोग प्रतिध्वनी ओळखायला होतो. आपल्याच बाराचा आवाज प्लेटमागच्या बांधावर किंवा कड्यावर आपटून परत येतो. ५०० मीटरला त्याला जाऊन-येऊन २.९ सेकंद लागतात. .३०८ चा फटका सव्वादोनला येतो, म्हणजे प्रतिध्वनीच्या बऱ्याच आधी. मधे अर्ध्या सेकंदाहून जास्त शांतता असते. त्या शांततेआधी जे वाजलं ती प्लेट. .२२ मध्ये मात्र सापळा आहे. साध्या वेगाची .२२ ची गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास सुटते, म्हणजे आवाजाहून जरा हळूच. १०० मीटरवर तिचा फटका ०.६ सेकंदांच्या किंचित पुढे ऐकू येतो आणि बाराचा प्रतिध्वनी ०.५८ ला. दोन्ही एकमेकांवर. म्हणून मागे खडकाळ कडा असलेल्या रेंजवर .२२ साठी वेळेवर विसंबू नका, सुराकडे लक्ष द्या. प्रतिध्वनीला सूर नसतो, प्लेटला असतो.

कोणता आवाज म्हणजे काय

भरीव, मोकळा ‘ठण्ण’, मागे घुमारा: प्लेट चांगली लागली. पण मध्यावर की कडेला?

इथे प्लेटचं कंपन समजून घेतलं तर ऐकणं सोपं होतं. प्लेट सर्वांत खालच्या स्वरात थरथरते तेव्हा तिच्या समोरासमोरच्या कडा एका बाजूला आणि उरलेल्या दोन कडा दुसऱ्या बाजूला वाकतात. मध्य मात्र जागचा हलत नाही. म्हणून बरोबर मध्यावर बसलेली गोळी हा खालचा स्वर फारसा जागा करत नाही. ती जागा करते त्याच्या वरचा, तबकडी मध्यातून पुढे-मागे फुगणारा स्वर. १२ इंची ३/८ प्लेटमध्ये तो ९०० हर्ट्झच्या आसपास. कडेला बसलेली गोळी ५३५ चा स्वर आणि त्याबरोबर १२५० च्या आसपासचा तिसराही वाजवते. परिणाम असा की मध्यावरचा फटका नेटका, एकसंध, जरा चढा ऐकू येतो. कडेचा फटका खालून घुमतो, त्यात थरथर असते, आणि प्लेट वळत असल्याने आवाज कमी-जास्त होतो. ‘व्वँव्वँव्वँ’ असा लाटांचा भास झाला की प्लेट फिरते आहे, म्हणजे गोळी डावी-उजवीकडच्या कडेजवळ लागली. कोणती बाजू, हे कानाला कळणार नाही. त्यासाठी दुर्बिणीत प्लेटचा झोका बघा.

हे स्वर एकमेकांच्या दुपटी-तिपटीत नसतात, १ : १.७ : २.३ अशा आडव्या प्रमाणात असतात. म्हणून प्लेटचा आवाज सतारीच्या तारेसारखा गोड एकसुरी न होता घंटेसारखा मिश्र होतो.

एकदम बारीक, आखूड ‘टिंग’ म्हणजे गोळीने कड खरवडली, सगळा जोर प्लेटला मिळालाच नाही. स्पर्धेत हा फटका धरला जातो, पण नेमासाठी तो इशारा आहे.

‘ठक’ आणि मग शांतता: खांब किंवा लाकडी चौकट. पोकळ, घुमणारा पण खोटा वाटणारा ‘टोंग’: चौकटीची नळी. एक ‘चिंग’ आणि लगेच प्लेट एका बाजूला लोंबलेली: साखळीची कडी गेली.

‘धप्प’: माती. माती ओली असेल तर तोही ऐकू येत नाही. मातीनंतर ‘घुँऽऽ’ असा लांबत जाणारा आवाज म्हणजे गोळी उसळून वेडीवाकडी फिरत गेली. आणि ‘धप्प’च्या पाठोपाठ दबका, उशिरा आलेला ‘ठण’ म्हणजे गोळी आधी जमिनीवर आपटून मग प्लेटला लागली. नवशिके हा फटका आनंदाने मोजतात. नेम खाली आहे, दृष्टी वर घ्यायला हवी, हे तो सांगत असतो. प्लेटच्या पुढ्यातली जमीन दर वेळी बघून ठेवा. धूळ प्लेटच्या अलीकडे उडाली आणि तरी आवाज आला, तर तो उसळलेल्या गोळीचाच.

कोणती गोळी किती वाजवेल हे तिच्या संवेगावर, म्हणजे वजन गुणिले वेगावर ठरतं. नुसत्या वेगावर नाही. १०० मीटरच्या आसपास .२२ लाँग रायफलचा संवेग ०.८ न्यूटन-सेकंद, .२२३ रेमिंग्टनच्या ५५ ग्रेनचा ३, आणि .३०८ च्या १६८ ग्रेनचा ८. म्हणजे .३०८ .२२ पेक्षा दहापट, कानाच्या हिशेबात साधारण वीस डेसिबल जास्त. दुसरीकडे अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो. म्हणून .२२३ ने सहाशे मीटरवर प्लेट लागूनही ऐकू न येणं यात नवल नाही. तिथे दिवा लावा. प्लेटच्या मागे चिकटवायचे, थरथर झाली की लुकलुकणारे दिवे मिळतात.

उभ्या केलेल्या आणि पडणाऱ्या लक्ष्यांचा हिशेब वेगळा. मेक्सिकोतून आलेल्या मेटॅलिक सिल्युएट खेळात कोंबड्या २०० मीटरवर, डुकरं ३००, टर्की ३८५ आणि मेंढे ५०० मीटरवर असतात. तिथे लक्ष्य पाटावरून खाली पडलं तरच गुण. मेंढा खणखणीत वाजून उभाच राहिला तर हातात काही येत नाही. तिथे ऐकायचा असतो तो दुसरा आवाज, जमिनीवर आदळल्याचा.

ऐकू न येण्याची कारणं

प्लेट ठीक, टांगणी ठीक, तरी ऐकू येत नसेल तर आधी कानावरची साधनं बघा. रायफलच्या बाराची तीव्रता कानाजवळ १६० डेसिबलच्या घरात जाते; कान झाकल्याशिवाय एकही बार नाही. पण फोमची बोळी वरचे स्वर जास्त दाबतात, त्यामुळे सहा इंची प्लेटचा २१०० चा आवाज आधी हरवतो आणि १८ इंचीचा २४० चा उरतो. इलेक्ट्रॉनिक मफ्स, म्हणजे हेडफोनसारखी कानझाकणी, घेतले तर बारीक आवाज मोठे होऊन मिळतात. त्यात दोन जाती आहेत: काही बाराच्या क्षणी आवाज पूर्ण बंद करून थोड्या वेळाने उघडतात, काही नुसता दाबतात. पहिल्या जातीत १०० मीटरचा ०.४ सेकंदात येणारा फटका बंद असतानाच निघून जाऊ शकतो. जवळच्या प्लेटांसाठी दुसरी जात घ्या. आत बोळी आणि वर इलेक्ट्रॉनिक मफ्स, आवाज पूर्ण वर, ही जोडी सर्वांत चांगली.

वारा प्लेटकडून आपल्याकडे असेल तर आवाज वाकून जमिनीलगत येतो. उलटा असेल तर वर उचलला जातो आणि आपण त्याच्या सावलीत राहतो. तापलेल्या दुपारीही तसंच होतं, जमिनीजवळची गरम हवा आवाजाला वर वळवते. पहाटे गारठ्यात, जमीन थंड आणि वरची हवा उबदार असताना, तीच प्लेट दुप्पट जवळ असल्यासारखी वाजते. म्हणून सकाळी ऐकू आलेली प्लेट दुपारी मुकी झाली तर टांगणी उलगडत बसू नका, चार वाजेपर्यंत थांबून बघा.

प्लेटचं तोंडही बघा. आवाज समोर आणि मागे सर्वांत जास्त जातो, धारेच्या दिशेला जवळजवळ काहीच नाही. फिरून आडवी झालेली प्लेट लागली तरी पुटपुटते.

सुरक्षिततेचे नियम

सेंटरफायर रायफलला किमान अंतर १०० यार्ड, आणि प्लेटवर आदळताना वेग सेकंदाला ३००० फुटांच्या, म्हणजे ९१५ मीटरच्या आत. .२२३ ची हलकी, वेगवान गोळी जवळून मारली तर एआर५०० वरही खळगे पडतात. खळगा पडला की पुढच्या गोळीचे तुकडे त्या वाटीतून वळून थेट नेमबाजाकडे येतात. पोलादी गाभ्याची गोळी कधीच नाही. काडतुसाच्या टोकाला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर ते पोलादी प्लेटांसाठी बाद. चष्मा नेमबाजाला आणि बघणाऱ्यालाही. प्लेटजवळ जायचं ते सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या, उघड्या आणि बाजूला ठेवल्याची हाक झाल्यावरच. हाताला शिशाची भुकटी लागते. थंड पाणी आणि साबणाने धुवा, त्याआधी डबा उघडू नका.

नोंद ठेवा

नवी प्लेट टांगली की त्याच दिवशी तिचा आवाज मोबाईलवर घ्या. आधी हातोडीचा एक ठोका मध्यावर, एक कडेला, दोन पावलांवरून. मग नेमबाजाच्या जागेवरून चार-पाच फटके. फोन प्लेटजवळ ठेवून बार करू नका, तुकडे लागतील. आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप्स आहेत. त्यांत सर्वांत उंच शिखर कुठे येतं ते प्लेटच्या पाठीवर खडूने लिहा, तारखेसह.

दर दोन-तीन महिन्यांनी तोच ठोका परत मारा. शिखर थोडं सरकलं आणि घुमारा तसाच असेल तर प्लेटला बाक आला आहे. ती उलटवून फुगीर बाजू पुढे घ्या. शिखर जागेवर पण घुमारा निम्म्यावर आला असेल तर आधी नट सैल करा, पट्टी बदला, रंगाचे जाड थर खरवडा, आणि पुन्हा ठोका. तरीही बद्द वाजली तर भोकांच्या कडांवर बारीक पावडर किंवा खडूची भुकटी चोळून पुसा. तडा असेल तर पांढरी रेघ राहते. रेघ दिसली की ती प्लेट त्याच दिवशी उतरवून भंगारात द्या.